होळीत गेलेला फळा

शुक्रवार, ता. २३ मार्च १८९४

नागूचं नाव पटावरून काढलं! आज सकाळी, हजेरी होताच. शाळा आमच्या परसाला लागून, म्हणून भिवाजी मास्तरांचा आवाज मला चुलीपाशी ऐकू येतो. "नागू आबाजी, लोधिवली. नाव कमी." एवढंच. मग पोरं पाढे म्हणू लागली.

बुधवारी होळीत शाळेचा फळा जळाला. काल धुळवडीची सुट्टी. आज मास्तर बघतात तर फळा नाही आणि नागूच्या बंडीवर काळे डाग. फळ्याला नुकताच रंग दिला होता, काजळी आणि डिंकाचा. झालं, चोर सापडला.

होळीसाठी पोरं लाकडं पळवतात, त्याला आमच्याकडे कुणी चोरी म्हणत नाही. गेल्या साली आमची शिडी गेली, तेव्हा हे हसून म्हणाले होते, "होळीला पोचली." पण फळा सरकारचा.

नागू सहावीत आहे. पुढच्या महिन्यात अलिबागला परीक्षा. पास झाला तर तोही मास्तर होईल. दाखल्यावर "वर्तन वाईट" असा शेरा पडला तर परीक्षाही नाही आणि दुसरी शाळाही नाही.

पहाटे लोधिवलीहून चालत येतो. शाळा उघडेपर्यंत आमच्या ओटीवर बसून जुनी वर्तमानपत्रं वाचतो. ओठ हलवत.

आज शाळेत आला होता, पण ओटी रिकामी होती.

शनिवार, ता. २४

जेवताना मी विषय काढला. हे शाळा कमिटीचे अध्यक्ष, आणि खालापूरच्या कचेरीत वकिली करतात.

"त्याला विचारलं का कुणी?"

"काय विचारायचंय? अंगावर रंग होता."

"कचेरीत कोंबडी चोरणाराला विचारतात. महालकरी उभं करतात, बाजू मांड म्हणतात. त्याच्या वतीनं बोलायला आपण जाता."

"अगं, ती कचेरी. ही शाळा. पोरांना काय वकील द्यायचे?"

"वकील नको. नुसतं विचारायचं."

"आमटी वाढ," म्हणाले.

वाढली. दुपारी मी पडल्या पडल्या खिडकीतून डोंगराकडे बघत राहिले. सगळीकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजताहेत, त्याचा धूर खाली साचला आहे. इर्शाळगडाचं नुसतं टोक वर दिसतं, पाण्यावर ठेवल्यासारखं. डोळा लागला की मीही अशीच वर तरंगते आणि खालचं काही मला लागत नाही. मग मास्तरांचा आवाज येतो, "नाव कमी." जाग येते.

सोमवार, ता. २६

नागूची आई आली. गौराबाई. डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी होती. ती उतरवली आणि ओटीखालीच बसली. वर ये म्हटलं तर, "नाय बाय, हितंच बरी हाय."

"पोरानं काय सांगितलं?" मी विचारलं.

"त्येच तं! बोलतच नाय. बापानं दोन ठेवून दिल्या, तरी नाय. मी म्हटलं, रं मेल्या, घेतला असंल तं घेतला म्हन, नसंल तं नाय म्हन. तं भिंतीकडं तोंड करून निजला."

"मास्तरांनी काही विचारलं त्याला?"

"कोन इचारतंय? आमी बैल इकतो तवा बी तोंड उघडून दात बघतो. माझ्या पोराचं तोंड कोनी उघडून बघितलं नाय."

स्वतःच हसली, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. शेंगा परत नेईना. "तुमच्या मालकान्ला सांगा, बाय. तुमच्या सबदाला मान हाय."

माझ्या शब्दाला! मी मान हलवली. शेंगा सोलत बसले तर संध्याकाळ कधी झाली कळलं नाही.

मंगळवार, ता. २७

स्वप्नात एक मोठा फळा होता, आभाळाएवढा. मी खडू घेऊन उभी. काय लिहायचं ते आठवेना.

गुरुवार, ता. २९

तीन दिवस मी एकच वाक्य म्हणते आहे. चहा देताना, पागोटं हातात देताना. "नुसतं विचारायचं." भांडले नाही, रडले नाही. आज कचेरीतून आल्यावर हे स्वतःच चिडून म्हणाले, "शनिवारी कमिटी बोलावली आहे. मुलाला विचारू. झालं समाधान?"

"फक्त नागूला नाही. पुढे कुणाचंही नाव काढायचं तर आधी त्याला विचारायचं, आणि तो काय म्हणाला ते लिहून ठेवायचं."

"आणि मास्तरांचा धाक कुठे राहिला?"

"धाक खऱ्याचा असावा."

 मग यांनी दौतीशी बसून स्वतःच कलम लिहून काढलं. अक्षर सुरेख आहे यांचं. मला वाचून दाखवलं, आणि एका ठिकाणी मी सुचवलं म्हणून शब्द बदलला. लग्नाला तीस वर्षं झाली. असं कधी झालं नव्हतं.

शनिवार, ता. ३१

कमिटी शाळेच्या मागच्या पडवीत बसली. मी माझ्या मागच्या दाराआड. दार बोटभर उघडं.

आधी शाळेचा शिपाई धाकलू. "रंग वाळाया फळा मी वकीलसायबांच्या भिंतीला टेकवून ठेवला. काळी बाजू आत, धूळ बसू नये म्हून. होळीच्या दिसाला दुपारी."

आमच्या भिंतीला! मला ठाऊकच नव्हतं.

मग नागू. उंच वाटला. की वाळला आहे?

"फळा तू नेलास?"

"व्हय. मी नेला."

मास्तरांनी सगळ्यांकडे पाहिलं, बघा म्हटल्यासारखं.

"फळा आहे हे माहीत होतं?"

"नाय. फळ्याची पाठ व्हती माज्याकडं. संध्याकाळ झालेली. जळाया लागला आन काळा रंग फुगून वर आला, तवा समजलं."

"बरोबर कोण होतं?"

गप्प.

"म्हणजे न विचारता उचललास."

"इचारून नेला."

"कुणाला विचारून?"

गप्प. तीनदा विचारलं. मास्तर ओरडले. हे मात्र शांतपणे म्हणाले, "नागू, हे सांगितलंस तर तू सुटशील. समजतंय ना?"

"समजतंय, साहेब." आणि मान खाली. चारही दिशांना बघितलं असेल त्यानं, पण माझ्या दाराकडे एकदाही नाही. दार समोर होतं तरी.

संध्याकाळी हे म्हणाले, "विचारलं. पोटभर विचारलं. तो सांगत नाही त्याला मी काय करू? सोमवारी दाखल्यावर सही करतो."

 

रविवार, ता. १ एप्रिल

सकाळी परसात गेले. गोठ्याचं जुनं कवाड भिंतीला टेकलेलं आहे. तसंच. कोळ्यानं त्यावर जाळं विणलं आहे. म्हणजे ते कुणी हलवलेलंच नाही.

ते मी होळीला दिलं होतं.

पुरणाच्या पोळ्या लाटून लाटून थकले होते. तिन्हीसांजेला माजघरात भिंतीला टेकून बसले, डोळे मिटलेले. बाहेर पोरांचा कालवा. मागच्या दाराशी कुणीतरी म्हणालं, "आईसाहेब, लाकूड द्या होळीला." डोळे न उघडता मी म्हटलं, "भिंतीशी टेकलंय ते न्या रे." कवाडच माझ्या मनात होतं. रिकाम्या हातानं पोरांना परत पाठवू नये, एवढंच डोक्यात. आवाज कुणाचा तेही पाहिलं नाही. पुन्हा माझ्या त्या धुरात बुडाले.

भिंतीशी दोन वस्तू होत्या. त्यानं जवळची उचलली.

आणि दहा दिवस मी विचारत फिरते आहे, त्याला कुणी विचारलं का! मीसुद्धा नाही विचारलं. त्याच्या आईला विचारलं, नवऱ्याला बोलले. त्याला बोलावून, "नागू, काय झालं रे?" एवढं म्हणाले असते तर त्याच्या तोंडाकडे बघूनच मला समजलं असतं.

दुपारी यांना सांगितलं. ऐकून उठले, दार लावून घेतलं.

"हे बाहेर बोलायचं नाही. नवा फळा मी करून देतो. शेरा सौम्य करू, वर्तन साधारण."

"साधारण का? त्यानं काय केलं?"

"अध्यक्षाच्या घरातून सरकारी फळा जाळायला दिला, हे लिहू? आणि तू चारचौघांत उभी राहून सांगणार? लोक म्हणतील, पोराला वाचवायला वकिलानं बायकोला पढवलं."

"म्हणू देत. कलमात लिहिलंय, तो काय म्हणाला ते लिहून ठेवायचं."

"ते विद्यार्थ्यासाठी आहे."

"विद्यार्थ्याचं नाही, कुणाचंही म्हणणं, असा शब्द आहे. मीच बदलून घेतला होता."

 संध्याकाळी हे जेवले नाहीत.

सोमवार, ता. २

शाळेच्या पडवीत गेले. डोक्यावरून पदर घेतला होता. हे अध्यक्षांच्या जागी बसले होते. माझ्याकडे बघून उठले आणि मास्तरांना म्हणाले, "आज तुम्ही विचारा. मी बाजूला बसतो."

भिवाजी मास्तरांनी वही उघडली. "आनंदीबाई, वय त्रेचाळीस," असं लिहिलं. नव्या कलमाखाली दुसरं नाव. पहिलं नागूचं. मग दौतीकडेच बघत विचारलं, "तुम्हांला काय सांगायचं आहे?"

सगळं सांगितलं. त्यांनी शब्दन् शब्द लिहिला आणि मला वाचून दाखवला. नागूचं नाव पटावर परत चढलं.

तेवढ्या वेळात कुणी मला मध्ये तोडलं नाही. घरी येऊन पाणी प्यायले तेव्हा लक्षात आलं, तो प्रश्न मला जन्मात पहिल्यांदा कुणी विचारला होता.