अण्णांच्या नावाखाली तरस

नांदेड,
६ जानेवारी २०२५

ती. दादास,
तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून चक्रावू नकोस. घरच्या ग्रुपमधून तूच मला काढलंस, वर फोन केला की मेघावहिनी सांगतात, हे अंघोळीला गेलेत. दिवसातनं किती वेळा अंघोळ करतोस रे? पोस्टमनला तरी हे कारण चालणार नाही, म्हणून टपालानं गाठतेय.

त्या पाटीचा फोटो तूच टाकलास ना? 'कै. रंगनाथ ठोंबरे यांच्या स्मरणार्थ दत्तक. प्राणी : तरस (मादी)'. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, अण्णांनी अख्खी नोकरी त्या प्राणीसंग्रहालयात केअरटेकर म्हणून काढली. वाघिणीचे बछडे त्यांच्या हाताखाली मोठे झाले. लोकं वडलांच्या नावानं मोर दत्तक घेतात, हरीण घेतात, अन् तुला तरस सापडलं? त्या पिंजऱ्यापुढं माणसं थांबतात ती नाक दाबायला. माझ्या सासरी तर आत्तापासून हसायला लागलेत.

हसू देत. पण ते तरस कोणतं, हे तुला चांगलं माहितंय. बिडकीनच्या कार्यालयात माझी पाठवणी चालली होती. सगळ्यांच्या गळ्यात पडून रडून झालं, अन् बाप कुठंय म्हणून बघतेय तर जागेवर नाही. उसात सापडलेलं तरसाचं पिल्लू दूध घेईना म्हणून निरोप आला, अन् अण्णा एम-एटीला किक मारून शहराकडं गेले, असं आईनं मला सांगितलं. पोरीपेक्षा तरस जवळचं झालं! तेव्हापासून मी त्या बागेत पाऊल टाकलेलं नाही. आता त्याच जनावराच्या पिंजऱ्यावर अण्णांचं नाव लावताय. ती पाटी लागली तर मी वर्षश्राद्धाला येणार नाही. समजूत काढायच्या फंदात पडू नकोस.

लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवायची काही गरज नाही.
तनुजा

---

उस्मानपुरा,
१३ जानेवारी २०२५

चि. सौ. तनुजास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. लिफाफा धरला तरी चटका बसला. तुला ग्रुपमधून काढलं, कारण सगळ्या काका-मामांसमोर तू मला तरसाचा भाऊ म्हणालीस. मी तरसाचा भाऊ तर तू कोण, एवढा तरी विचार करायचा.

उगं नाकानं कांदे सोलू नकोस. तुला प्राणीसंग्रहालय म्हणजे बागेतली झुकझुक गाडी अन् सापांचं घर, तेवढंच आठवतं. आता सगळं शहराबाहेर मोठ्या जागेत न्यायचं चाललंय. अण्णा काय म्हणायचे ते विसरलीस का? जनावर लोकांना दाखवणं हे आपलं अर्धं काम, अन् ज्याला रानात परत सोडता येत नाही त्याला शेवटपर्यंत सांभाळणं हे खरं काम, असं ते येईल त्याला सांगायचे. वाघाला दत्तक घ्यायला माणसं नंबर लावतात. या तरसाला आजवर एक माणूस मिळालेला नाही. ती म्हातारी झालीय, दात झिजलेत, अण्णांबरोबर काम केलेले शफीचाचा तिला मटण बारीक करून घालतात.

अन् ही पाटी माझ्या डोक्यातून निघालेली नाही. आईनं सांगितलं. मी म्हणालो हरीण घेऊ, तर माझ्याशी बोलायची बंद झाली. तुला भांडायचंय तर तिच्याशी भांड. पण आधी एक सांग, अण्णा अंथरुणाला खिळले तेव्हा तू किती दिवस येऊन राहिलीस? रुसून बसायला काही लागत नाही, बेडपॅन उचलायला लागतं.

लोभ असू दे. नसला तर निदान ये.
तुझा दादा, विश्वजीत

---

उस्मानपुरा,
२० जानेवारी २०२५

चि. तनूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

हे माझ्या हातानं लिहितेय. दादाच्या सायलीला सांगितलं असतं तर गल्लीभर झालं असतं.

गेलेल्या माणसाच्या नावावरनं भांडताय, लाज वाटू द्या दोघांनी. बेडपॅनचं लिहिलं म्हणून दादाला मी चांगलंच झापलं. आता तू ऐक.

तुझ्या लग्नादिवशी त्या पिल्लानं सकाळीच दूध घेतलं होतं. शफीभाईनं पाजलं, अन् तसा निरोप पण कार्यालयात आला होता. तुझे अण्णा पळाले ते तुझ्या पाठवणीला भिऊन. अक्षता पडल्या तसं त्यांनी मला बाजूला घेतलं. मला म्हणाले, बघवणार नाय, मी जातो, पोरीला तरसाचं कारण सांग. वाघाच्या पिंजऱ्यात झाडू मारणारा माणूस! मी लई बोलले, सदरा धरला, तरी गेलेच. मागनं शफीभाईनं सांगितलं, पिल्लू मांडीवर घेऊन पिंजऱ्यामागं संध्याकाळपर्यंत रडत बसले होते.

मला शपथ घातली होती. माणूस गेला, शपथ पण गेली. तू माहेरी यायची म्हटलं की, या वेळी सांगतोच म्हणायचे. तू आलीस की तुझं फुगलेलं तोंड बघून गप. मला काय राग नाय व्हय त्यांचा? इतकी वर्षं माझ्याकडनं खोटं वदवलं, अन् जाताना पण तोंड उघडलं नाय. तुझा सगळा राग त्या मुक्या जनावरानं खाल्ला, काही केलेलं नसताना. म्हणून पाटी तिथंच लागणार. तू ये नायतर नको येऊ.

जावयांना आशीर्वाद. जेवणाकडं लक्ष दे, रागात उपाशी राहतेस.
तुझी आई

---

नांदेड,
२५ जानेवारी २०२५

ती. आईस व दादास,
शि. सा. न. वि. वि.

आईचं पत्र वाचून आधी रडले, अन् मग असा संताप आला की हातातलं पातेलं आदळलं. आमचे हे काय झालं बघायला धावत आले अन् परत गेले.

राग आता तुमच्यावर नाही. तरसावर तर नाहीच नाही, बिचारीवर. अण्णांवर आहे. रडणारा बाप चालला असता की मला! सगळ्यांचे बाप रडतात. माझ्या लग्नाचा अल्बम मी कधी पुरता उघडला नाही, कारण शेवटच्या फोटोंत ते नाहीत. मी त्यांना नकोशी होते असं समजून मी निम्मं आयुष्य घालवलं, अन् अण्णांनी एका वाक्याचं काम केलं नाही. माणूस असा कसा भित्रा असतो?

दादा, बेडपॅनचं खरं आहे. लिहायला नको होतंस, पण खरं आहे.

पाटी लाव. तरस नव्या जागी गेलं की पाटीही तिच्याबरोबर गेली पाहिजे, असं प्राणीसंग्रहालयवाल्यांकडनं लिहून घे. मी वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी येतेय अन् स्टँडवरनं थेट बागेत जाणार आहे. माझ्याबरोबर कुणी यायचं नाही. आई, तू पण नाही. पिंजऱ्यामागं अण्णा बसले होते त्या जागी मला थोडा वेळ बसू द्या, एवढं शफीचाचांना सांगून ठेवा.

मला अण्णांशी भांडायचंय. ते काही उत्तर देणार नाहीत, हे मला कळतं. पण या वेळी त्यांना उठून जाता येणार नाही.

तुमच्यावर माझा लोभ आहेच, तो मी कधी काढला नव्हता.
तनुजा