न बसलेला नकाशा

पप्पा,

आज संध्याकाळी आळीतले सगळे क्रूसासमोर जमले होते. गटार रुंद करायचंय, त्यात क्रूसाचा ओटा आडवा येतोय, तर तो कुठे सरकवायचा यावर दोन तास नुसती डोकेफोड. कोण म्हणतो इकडे जागा आहे, कोण म्हणतो ती आमची आहे. शेवटी कुणीतरी म्हणालं, अरे भांडता कशाला, टीचरनी कॉलेजात असताना अख्ख्या गावाचा नकाशा केलाय, तो बघून ठरवू. मग काय, सगळ्या माना माझ्याकडे. उद्या घेऊन या म्हणाले, मी हो म्हटलं. घरी येऊन कपाटावरचा रोल काढला, टेबलावर उलगडला, तो परत गुंडाळायला लागला म्हणून चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या, आणि नकाशाकडे पाठ करून हे लिहायला बसले. मी दमलेय पप्पा. दिवसभर मुलांसमोर इतिहास बडबडून दमते ते वेगळं, ते झोपलं की जातं. या नकाशाने दमवलंय ते मात्र जात नाही.

तुम्हाला आठवतंच असेल, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला मला प्रकल्प करायचा होता. मी विषय घेतला आपल्या गावची बावखलं. मॅडमना आधी बावखल म्हणजे काय तेच सांगावं लागलं. विहीर नव्हे, तलाव नव्हे, केळीच्या वाडीला पाणी द्यायला आपल्या लोकांनी खणलेली गोड्या पाण्याची तळी, दोन-चार घरांत मिळून एक. त्यातली किती बुजवली, कुठली कुठल्या बिल्डिंगखाली गेली, ते मला दाखवायचं होतं. मॅडम खूश झाल्या आणि खुशीत म्हणाल्या, मग नकाशा कम्प्युटरवर कर, हल्ली तसं सॉफ्टवेअर मिळतं. त्यांचं काय जातंय सांगायला! सॉफ्टवेअर नीट चालवणारा माणूस ना कॉलेजात होता ना वसईत. बोळिंजच्या माझ्या मैत्रिणीने कुठूनशी सीडी पैदा केली, दोघी जोडीने प्रकल्प करत होतो, आणि शिकायला दोघींना मिळून एक इंग्रजी मदतीचं पान. ते उघडलं की कम्प्युटरच गोठायचा.

कम्प्युटर तुम्ही घेऊन दिलेला. माणिकपूरहून रिक्षाने आणलात, मॉनिटर मांडीवर घेऊन, आजारी वासरू आणावं तसं दोन्ही हातांनी धरून. रिक्षावाल्याला सगळ्या वाटेभर, हळू रे बाबा, हळू. आईने त्याच दिवशी त्याला क्रोशाचं झाकण विणायला घेतलं. तुम्ही सातवी शिकलेले, पण बाहेरच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचात, पोरीला लागतो, इतिहासाला. इतिहासाला कम्प्युटर कशाला लागतो हे तुम्ही मला कधीच विचारलं नाहीत.

काम सांगायला सोपं होतं. तालुक्याच्या कचेरीतून गावाचा जुना नकाशा मिळवला, माणिकपूरच्या झेरॉक्सवाल्याकडे चार तुकड्यांत स्कॅन केला. आता कम्प्युटरला फक्त सांगायचं, जुन्या नकाशावरची ही खूण म्हणजे जमिनीवरची ही जागा. अशा चार जागा दिल्या की बाकीचा नकाशा आपोआप जागेवर बसतो. मॅडमच्या ओळखीतून आठवड्यासाठी हातात धरायचं जीपीएस मिळालं. ते घेऊन उन्हात हिंडून मी चार ठिकाणं घेतली, जी कधी हलत नाहीत अशी. चर्चचा कोपरा, मारुतीच्या देवळाचा कोपरा, शिवेवरचा दगड आणि आपल्या आळीचा क्रूस. जुन्या नकाशात चारही होती. मला वाटलं, झालं काम.

कसलं झालं, कपाळ माझं! नकाशा बसेना. बावखल रस्त्यावर, रस्ता घरांवर, आणि कोपऱ्यात लाल आकडा, चूक एवढी. कुणाची चूक ते मात्र सांगत नव्हतं, चारही खुणांच्या नावावर सारखीच टाकायचं. मी आधी झेरॉक्सवाल्याशी भांडले, त्याने वाकडं स्कॅन केलं म्हणून. तो बिचारा म्हणाला, ताई, कागदच वाकडा आहे. परत स्कॅन केलं. मग मोजमापाच्या पद्धतींची ती भलीमोठी यादी, त्यातली एक निवडली की अख्खं गाव समुद्रात, दुसरी निवडली की थेट कामणच्या डोंगरात. नीट काही जमत आलं की वीज जायची आणि मी सेव्ह केलेलं नसायचं. तिसऱ्या आठवड्यात मी कम्प्युटरसमोर बसून रडले. तुम्ही आईला म्हणालात, तिला आज वाडीत पाठव, जरा मोकळी होईल. मी गेले नाही.

मी लहान असताना मात्र तुमच्याबरोबर वाडीत यायचे. केळीची नवी रोपं लावताना तुम्ही पावलांनी अंतर मोजायचात आणि मला मागे उभं करून मोठ्याने आकडे म्हणायला लावायचात. मधे मी काही बोलले की तुम्ही थांबता, परत पहिल्या रोपाशी जाता, परत एकपासून. ओरडत नाही. फक्त म्हणता, मोजताना बोलायचं नाय, पाऊल विसरतं. टेप आणा ना पप्पा, मी म्हणायचे. टेप हरवतो, तुम्ही म्हणायचात.

तो दिवस शनिवारचा होता. मैत्रीण आली होती, दोघी कम्प्युटरसमोर. तुम्ही वाडीतून आलात, पायाला चिखल, हातात सुकेळीची, वाळवलेल्या केळ्यांची पुडी, तिला आवडतात म्हणून मुद्दाम कुणाकडून तरी आणलेली. आमच्या मागे येऊन उभे राहिलात. मी जुन्या नकाशावर आजची घरं दाखवत होते. तुम्ही वाकून बराच वेळ बघितलंत, मग पडद्यावर बोट ठेवलंत. "हां आपलं बावखल? हे तर शेजारच्यांच्या गोठ्यात गेलं! आपलं पानी गोठ्यात?" मैत्रीण हसली. वाईट हसली नाही, तिला गंमत वाटली. तुम्हीही हसलात. मग तुमचं बोट वर सरकलं, क्रूसाच्या खुणेवर थांबलं. तुम्ही म्हणालात, "ह्या क्रूसाचं म्हणशील तर..."

मी म्हटलं, "क्रूस काय चालत जातो का पप्पा? तुम्हाला यातलं काही कळत नाही, जा बघू आत."

"बरं," म्हणालात. पुडी टेबलाच्या कडेला ठेवलीत आणि गेलात. त्यानंतर कम्प्युटर चालू असला की तुम्ही त्या खोलीत पाऊल टाकलं नाहीत. काही लागलं तर उंबऱ्याबाहेरून विचारायचात. मला ते तेव्हा बरंच वाटलं होतं, हे पण लिहून टाकते.

मग मी काय केलं ते सांगते. तारीख जवळ आली, हात टेकले, आणि मी चर्चची आणि देवळाची खूण माऊसने थोडी थोडी ढकलत गेले, लाल आकडा खाली येईपर्यंत. तो आला. एक क्रूस जागेवर ठेवायचा म्हणून मी बाकी सगळं गाव सरकवलं. रंगीत प्रिंट काढला, मॅडमनी वर्गात भिंतीवर लावला, पहिला वर्ग मिळाला. मैत्रीण म्हणाली, बघ, उगाच रडत होतीस. घरी आले तर तुम्ही दारातूनच विचारलंत, माझ्याच तोंडचा शब्द उचलून, "बसला का गो नकाशा?" मी चपला काढत होते. म्हटलं, "हो, बसला."

पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. त्यानंतरच्या मे महिन्यात क्रूसाकडे रोजच्यासारखी संध्याकाळची प्रार्थना झाली, उकडलेले चणे वाटले, आणि शेजारचे काका माझ्या बाजूला ओट्यावर टेकले. क्रूसावर हात ठेवून म्हणाले, "हा तुझ्या बापाने आणि मी आणलाय इथे. तेव्हा आमची लग्नं पण नव्हती झाली. रस्ता आला म्हणून पार तिकडून उचलला, फादरने पाणी शिंपडलं, बैलगाडीवर निजवला. जागा तुझ्या बापाने मोजली. साठ पावलं, एक कमी नाय, एक जास्त नाय. मधे मी बोललो तर परत पहिल्यापासून!" काका हसत होते. मग म्हणाले, "बापाने सांगितलं नाही होय तुला?"

मी म्हटलं, "सांगितलं होतं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांनी दाखवलेल्या रस्त्याच्या त्या टोकाला जाऊन उभी राहिले आणि मोजत आले. तुमची साठ पावलं माझी त्र्याहत्तर भरली. जुन्या नकाशातला क्रूस त्या टोकाचा, मी जीपीएसने घेतलेला या टोकाचा. घरी येऊन झाकण काढलं, कम्प्युटर चालू केला, क्रूसाची खूण त्या जुन्या जागेवर दिली, चर्च आणि देऊळ परत त्यांच्या ठिकाणी नेऊन ठेवलं. दहा मिनिटं लागली. लाल आकडा जवळजवळ शून्यावर आला आणि आपलं बावखल गोठ्यातून निघून आपल्या वाडीच्या कडेला येऊन बसलं, शेवग्याच्या शेजारी, जिथे ते होतं. त्याचा प्रिंट मी काढला नाही. कॉलेजात गेले नाही, मॅडमना सांगितलं नाही. तो कम्प्युटरही पुढे भंगारात गेला. आज टेबलावर वाट्यांखाली पसरलाय तो जुनाच, चुकलेला.

उद्या तोच घेऊन जाईन आणि आळीला सांगेन की हा चुकलाय, यावर जागा ठरवू नका, काका आता नाहीत, त्यांच्या मुलाला विचारा, त्याला पावलं माहीत असतील. थोडं हसतील, टीचरची फजिती म्हणतील. ते सोसेल मला. हे पत्र मात्र कुणाला दाखवणार नाही, रोलच्या आत गुंडाळून परत कपाटावर टाकीन.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या शनिवारी कम्प्युटरच्या वैतागाने मी तुम्हाला तोडून बोलले. वैताग होता, नाही असं नाही. पण तुम्ही क्रूसावर बोट ठेवलंत तेव्हा तुम्हाला काहीतरी माहीत आहे हे मला कळलं होतं, पप्पा. तुमचं ते बोट मी ओळखते, वाडीत तुम्ही असंच दाखवायचात. तुम्ही 'पानी' म्हणालात, मैत्रीण हसली, आणि माझे कान तापले. पुढचं तुम्ही आपल्या बोलीत बोलणार, तिच्यासमोर, ते मला नको होतं. म्हणून मी तुम्हाला आत पाठवलं.

आणि नकाशा बसला नव्हता. तुम्ही दारातून विचारलंत तेव्हा मी हो म्हटलं, ते खोटं होतं. ती साठ पावलं तुमच्याच पायांची, म्हणजे तो बसणं शक्यच नाही हे त्या घरात एकट्या तुम्हाला ठाऊक होतं. तरी तुम्ही म्हणालात, "बरं झालं. दमलीस. जेवून घे आता."