मॅग्नॅनिमसपुढचं नाव

दादर,
५ मे १९६६

प्रिय शेवंती,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसते आणि काहीतरी निमित्त काढून उठते. विमला आठवीत इंग्रजीच घेणार म्हणून हटून बसली आहे, हे वाचून हसू आलं. हट्ट कुणाचा उचललाय ते मला सांगायला नको. तिला कॉलेजपर्यंत पुरतील असे शब्द काढून पाठव म्हणालीस. नवे कशाला काढू? पत्राबरोबर तुझीच वही पाठवते आहे.

हो, तीच. तुझ्या मामाने बोटीवरून आणलेल्या, पुठ्ठा गेलेल्या डिक्शनरीतून उतरवलेली. तुमच्या खळ्यात वाळत घातलेली आंबोशी राखत आपण रोज दहा शब्द पाठ करायचो. मी नुसती घोकायचे. तू मात्र प्रत्येक शब्दाला गावातलं एक माणूस नेमायचीस. ऑब्स्टिनेट म्हणजे काशीबाईचा अडेल रेडा. गॅर्युलस म्हणजे पोस्टमन भाई, पत्र द्यायच्या आधी त्यातली बातमी सांगणारा. रेड्याला माणसात धरलंस म्हणून मी भांडले होते. अजून वर्गात गॅर्युलस आला की मला भाईच दिसतो.

एस.एस.सी.च्या वर्षी मास्तरांनी चाळीस शब्द घातले. तुझे अडतीस आले, माझे बावीस. घरी बाबा म्हणाले, शेवंतीकडून शीक जरा. मी वर मान करून हसले आणि आतून जळले. हे तुला कधी कळलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी माझे चुकलेले अठरा शब्द तूच समजावत बसली होतीस.

मग फॉर्म भरायच्या आधी, मुलीला परीक्षेला बसवून पुढे मुंबईला धाडावं का, हे तुझ्या आबांनी देवाला विचारायचं ठरवलं. देवळाचे गुरव म्हणून माझ्या बाबांनी गाऱ्हाणं घातलं, देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलांचे ओले कळे चिकटवून कौल लावला. उजवा आधी पडला असता तर तू गेली असतीस. डावा पडला. आबांनी हात जोडले आणि विषय मिटला. तू देवळात रडली नाहीस. घरी येऊन वही माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, “माका आता ही कित्याक? तूच घे गो.” मी घेतली, शेवंती. घेतली, पाठ केली, पास झाले. तू मे महिन्यात लग्न होऊन कसालला गेलीस आणि मी जूनमध्ये कॉलेजात.

बाबांची नजर तेव्हा अधू झाली होती. कळे मी भिजवून द्यायचे. त्या दिवशी उजवीकडचे भिजवून दिले आणि डावीकडचे कोरडेच ठेवले; ते आधी गळणारच होते. बाबा गाऱ्हाण्यात होते, त्यांना समजलं नाही. चूक नव्हती ती. तू माझ्या पुढे जाऊ नयेस एवढंच माझ्या मनात होतं. बाबा गेले, त्यांनाही सांगितलं नाही. मी बाई म्हणून मिरवते, मुली पाया पडतात, तेव्हा पाय मागे घ्यावेसे वाटतात. मला लाज वाटते. चौदा वर्षं वाटते आहे आणि तरी मी गप्प बसले.

आजही बसले असते. पण पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलंस की, पंचवीस तारखेला सासरे विमलाच्या इंग्रजीसाठी कौल लावणार, आणि देवाने तुला नाही म्हटलं होतं तेव्हा तिलाही म्हणेलच, मन घट्ट केलं आहे. शेवंती, देव तुला नाही म्हणाला नव्हता. मी म्हणाले होते. हे पत्र सासऱ्यांना वाचून दाखव. गावभर झालं तरी चालेल. तोंड दाखवायला मी स्वतः येईन, पण पंचवीसच्या आधी विमलाचं नाव इंग्रजीला घाल. वहीत बाराव्या पानावर मॅग्नॅनिमस आहे, उदार मनाचा. त्यापुढे तू ‘आमची सत्या’ लिहिलं आहेस. वही घरी आणली त्याच दिवशी ते वाचलं. इतक्या वर्षांत ते खोडायचा धीर मला झाला नाही. ते तू खोड आणि मगच वही विमलाला दे.

तुझीच म्हणायचा हक्क तू ठेवलास तर तुझीच,
सत्यवती