तपासणाऱ्याची सही

नागपूर, मंगळवार

चि. सौ. सुहासिनीस, दादाचे आशीर्वाद.

पुष्कर माझ्याकडे मजेत आहे, डबा पूर्ण खातो. पण तुझ्या लेकाने माझं डोकं फिरवलं वं!

मी ज्या फार्मसी कॉलेजात लॅबचे वजनकाटे सांभाळतो, तिथेच त्याला गटप्रमुख केलं होतं. एकाने औषध तोलायचं, प्रमुखाने काटा पाहून सही करायची. औषध तोललं जाण्याआधीच याने सही ठोकली! मी पुन्हा तोललं, तर मलमासाठी दोन ग्रॅमऐवजी वीस ग्रॅम ॲसिड! आणि स्वतःला गुण द्यायच्या फॉर्मवर ‘सहकाऱ्यांचं काम तपासतो’ यापुढे पाचपैकी पाच!

म्हणे, “मामा, सही काय, नुसती फॉर्मॅलिटी राहते.”

मी बारावी नापास माणूस, पण बावीस वर्षांत न पाहता एक सही केली नाही. सरांना सगळं सांगितलं. गुण जातील, जाऊ दे. लोकांची कातडी जाण्यापेक्षा बरं.

भाऊजींच्या गोळ्या सुरू आहेत ना? पाकिटावरची तारीख वाचत जा.

संध्याकाळी पुष्कर मान खाली घालून फॉर्म घेऊन आला. पाच खोडून एक केला होता. “मामा, तपासणाऱ्याची सही तुम्ही करा.”

मी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचलं. मगच सही केली.

तुझा,
केशवदादा