गाडीखालचं कासव

४ एप्रिल, मंगळवार
वाळवंटातल्या कॅम्पवर पोचले. चारशे मैल एकटीनं हाकली मोटरहोम, हे चाकांवरचं घर. निघताना लेक, जोलीन, म्हणाली, "आई, लाल घळीपाशी गाडी नेऊन फोटो काढ. नाही जमलं, तर किल्ली माझ्याकडे." लेक माझी, पण अक्कल जावयाकडून उसनी. वाटेत पाण्याच्या टाकीचा पाइप गळायला लागला. मेकॅनिक कशाला? चिकटपट्टी गुंडाळली. आता जन्मात गळायचा नाही. उद्या सकाळी सातला घळ.

५ एप्रिल, सकाळी ७
पुढच्या चाकाला टेकून कासव बसलंय. रेंजर पोरगी म्हणते, हात लावायचा नाही, गाडी हलवायची नाही, ते आपणहून जाईल. हिच्या वयात मी तीन लेकरं आणि चाळीस डुकरं सांभाळत होते. तरी खूश आहे. एवढ्या गाड्या उभ्या, पण सावली निवडली माझी. जनावराला माणूस कळतं.

दुपार
शेजारच्या तंबूत हार्लन मास्तर. साठीनंतर जमिनीवर झोपतो, म्हणजे बायकोनं हाकललेला असणार. म्हणाला, ओलीटाबाई, टाकी ठिबकतेय, कासव पाणी पितंय, म्हणून हलत नाही. म्हटलं, मास्तर, उन्हात गाडीलाही घाम येतो. शाळेत शिकवत नाहीत वाटतं. त्याच्या गाडीतून मला घळ दाखवतो म्हणाला. त्याची गाडी म्हणजे चाकं लावलेला बुटाचा खोका. नाही म्हटलं.

६ एप्रिल
कासव तिथंच. टाकी रिकामी! रात्री कुणीतरी पाणी चोरतंय. संशय मास्तरावर, तोंड फार स्वच्छ असतं त्याचं. नळी लावून टाकी काठोकाठ भरली. उद्या घळ, नक्की.

७ एप्रिल
आज दोन कासवं. माझं नाव झालंय तर त्यांच्यात. माझ्या नवऱ्याला, बर्लला, दाखवायला हवं होतं, पण तो दोन वर्षांपूर्वी गेला; त्याला कधी वेळ साधलीच नाही. सुरी-काट्यांचा खण आवरला.

८ एप्रिल, सकाळी १०
टाकी पुन्हा कोरडी. नळाला पाणी नाही, आज दुरुस्ती म्हणे. अर्ध्या तासात दोन्ही कासवं उठली आणि लाल घळीच्या रस्त्याला लागली. मला अकराला जागा सोडून चारशे मैल घरी निघायचंय, घळीला वेळ नाही; नवे लोक हॉर्न वाजवतायत. मास्तरानं फोटो काढला: मी, गाडी, लांबवर दोन कासवांच्या पाठी. घळ नाही. मग कॉफी आणून दिली. पाइपाबद्दल चकार शब्द काढला नाही. असल्या माणसांची मला चीड आहे.

जोलीनचा फोन आला. किल्लीचं विचारत होती. म्हटलं, वाळवंटात आवाज येत नाही गं. स्पष्ट येत होता.