तीन कोकरं, दोन सड

बाबा, आज सकाळी एका काळ्या कानाच्या मेंढीला तीन कोकरं झाली. तुमच्या हयातीत आपल्या कळपात कुणी तीन पाहिली नव्हती. शेजारचे बघून गेले, पेढे कधी देतेस म्हणाले, आणि मला नुसतं रडू येत होतं.

मी लहान असताना दर्यापूरच्या बाजूला, कपाशी निघालेल्या एका रानात आपण खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. तिथं एकीला जुळं झालं. मी नाचत तुम्हाला सांगायला येते, तर तुम्ही कोकरांकडे बघतही नाही, वाकून मेंढीची कास चाचपता. "दोन झाले म्हून काहून नाचून राहिली? आंदी मायले दूध हाय का ते पाह्य." माझं तोंड एवढंसं झालं. जुळ्याचं कौतुक तुम्हाला नव्हतंच. मेंढा म्हणून दरवेळी सगळ्यात दांडगं कोकरू राखायचात, आणि दांडगं ते बहुधा एकटं जन्मलेलंच असायचं. असं करून जुळ्यांचा गुण कळपातून जातो, हे जनावरांच्या डॉक्टरांनी मला पुढे सांगितलं, तेव्हा मला तुमचा रागच आला.

मग मी त्या गुणाचा एक बुटका मेंढा आणला. त्याच्या लेकींना जुळी होऊ लागली, दोन्ही जगायची, आणि मी हवेत होते. तुम्ही राखलेला मेंढा दर दोन वर्षांनी अचलपूरकडच्या एका मेंढपाळाशी बदलून घ्यायचात. मी बदलला नाही. माझा असा मेंढा देऊन त्याचा साधा कशाला घेऊ, असं वाटलं. मग त्याच्या लेकी त्याच्याकडूनच गाभण राहिल्या. डॉक्टर म्हणतात, या मेंढीत जुळ्यांचं जनुक बापाकडूनही आलं आणि आईकडूनही, म्हणून तीन. सड मात्र दोनच. आणि तिच्या बरोबरीच्या सगळ्या त्याच मेंढ्याला त्याच्याच लेकींपासून झालेल्या आहेत, सगळ्या गाभण आहेत. मी काय करून बसले, बाबा!

मेंढी उठत नाही. दूध जेमतेम एकापुरतं. बाटली लावली तर धाकट्याच्या तोंडातून ओघळून जातं. दुसऱ्या मेंढीला लावून पाहिलं, तिनं ढुशी मारली. तुमचे जावई दारातूनच म्हणाले, "एकाले धर, बाकीचे सोडून दे. नाईतं मायबी जाईन." खरं आहे त्यांचं. पण कोणतं धरू? तिघंही माझ्याच पदराला तोंड लावतात. तुम्ही असता तर हे तुमच्यावर टाकून मी मोकळी झाले असते, आणि वर तुम्हाला निर्दयी म्हटलं असतं.

हे कागद कुठं धाडायचे नाहीत, मला माहीत आहे. गोठ्यात जायला नको म्हणून लिहायला बसले. लिहायला घेतलं तेव्हा तिघांचा आवाज येत होता. आता दोघांचाच येतो आहे, आणि मी अजून उठलेली नाही.