साव नवरो

६ जानेवारी, मंगळवार

चिखल्याला हळद. अकराला बोलावलं, नवरदेव दोनला उगवला. तोवर जाकीट घालून खुर्चीत. रेक्झिनचं आहे, आतून पाठीला चिकटतं. कॉलरची सालं निघायला लागली तेव्हापासून सु. त्यावर बूटपॉलिश फिरवते. बायकोच्या हाताला काळं आणि माझ्या मानेलाही. पण लोकांना विलीभाई जाकिटातच हवा.

माझं 'नवरो' तीनदा गायलो. तिसऱ्यांदा वरचा सूर आलाच नाही. माइक पब्लिककडे धरला, पब्लिकने गायला. ही युक्ती आता दर हळदीला. नवरदेवाची आई म्हणाली, "आमच्या लग्नातपण तुम्हीच होते, विलीभाई." ती सासू झाली. मी तेच गातोय, त्याच जाकिटात.

मिठाच्या गुळण्या केल्या. गुडघा ठणकतोय.

८ जानेवारी, गुरुवार

किनाऱ्यावरच्या महोत्सवाचे सेक्रेटरी घरी. "विलीभाई, यंदा तुमचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ, मानपत्र."

"आणि गाणं?"

ते चहात बघायला लागले. शेवटचा आयटम यंदा चेकपोस्टचा, म्हणाले. मी हवं तर आधी एखादं घ्यावं. एखादं.

चेकपोस्ट म्हणजे तलासरीची चार पोरं. त्यांचा बँड. शेवटचा आयटम आजवर माझा असायचा, लोक त्यासाठी वाळूत बसून राहायचे. शाल कुणाला देतात ते मला कळतं. बुकिंग खिडकीवरून रिटायर झालो त्या दिवशी रेल्वेने दिलेली एक पेटीत आहेच. सु. म्हणते, थंडीत दोन्ही वापरा.

१० जानेवारी, शनिवार

सु.ने मोबाइलवर चेकपोस्ट लावून दिलं. गाणारी पोरगी आहे, जयू. तलासरीजवळच्या पाड्यावरची. रोज बॉर्डर ओलांडून पलीकडे गुजरातेत कंपनीत जाते, उरलेले तिघेही तिथेच कामाला. कंपनीच्या निळ्या शर्टातच गाते. बेसवाला बेसूर. ड्रमवाला घाईत. पोरीला मात्र वरचा सूर लागतो. लागल्यावर मिरवत नाही, नुसती तिथे उभी राहते.

हे लिहायला नको होतं.

सु. म्हणाली, चांगली गाते हो. म्हटलं, आवाज आहे, गाणं कुठाय.

१२ जानेवारी, सोमवार

कालचा महोत्सव. आज सकाळी लिहितोय.

शाल घेतली. नारळ घेतला. मग 'नवरो' गायलो. ट्रॅकवर, कारण आमचा ऑर्गनवाला लेकाकडे बडोद्याला गेलाय. बायका नाचल्या, काके नाचले. पब्लिकमधली तरणी पोरं लांब उभी, हात खिशात. ते बघून माझी जीभ सुटली. माइकवर म्हणालो, "आता मोठा आवाज आणि छोटं गाणं ऐका." लोक हसले. बरं वाटलं. दोन मिनिटं.

मग जयू आली. म्हणाली, "पुढचं गाणं विलीभाईंचं. आमच्याकडे ते जसं समजतं, तसं गातो."

'नवरो'च. मला विचारलंही नव्हतं. निम्म्या लयीत, ढोल नाही, टाळ्या नाहीत.

नवरो रे नवरो, मी साव नवरो,
कुठं चाललास म्हणून कोणी तरी विचारो.

कुणी नाचलं नाही. नाचणाऱ्या बायका उभ्याच राहिल्या, काय करावं कळेना. मागची पोरं, तीच खिशात हात घातलेली, गायला लागली. मोबाइल खाली करून. शेजारी बसलेले सेक्रेटरी कानात म्हणाले, "तुमच्या लग्नाच्या गाण्याची वाट लावली की हो."

मी मान हलवली. खरं काय ते त्यांना कुठून सांगू.

१३ जानेवारी, मंगळवार

झोप नाही. खरं काय ते इथे तरी लिहावं.

मी बावीसचा. बी. कॉम., बेकार. हसमुख आमचा ड्रमर, त्याच्या बापाचं किराणा दुकान. आम्ही दोघं दिवसभर दुकानाच्या ओट्यावर डबे बडवत बसायचो. बाप आतून ओरडायचा, "साव नवरा!" म्हणजे अगदी रिकामटेकडे. गुजरातीत नवरो म्हणजे ज्याला काही काम नाही तो. साव म्हणजे पार, अगदी. मला शब्द आवडला, गाणं केलं. बेकाराचं गाणं.

इस्त्रीचा शर्ट, पाडलाय भांग, निघालो ऐटीत,
पाकीट धरून हातात उभा, उभा लांब रांगेत.

अर्जाचं पाकीट. एम्प्लॉयमेंटची रांग. कॅसेट निघाली आणि मराठी लोकांनी ऐकलं, नवरा. तोही साव, म्हणजे सरळमार्गी. इस्त्रीचा शर्ट म्हणजे नवरदेवाचा. पाकीट म्हणजे आहेराचं, रांग म्हणजे स्टेजपुढची. सगळं असं चपखल बसलं की मीच चाट पडलो. पहिल्या हळदीचं बोलावणं धाकट्या डहाणूहून आलं. गेलो. सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. लोक खुश होते, मला जाकीट शिवून झालं होतं.

हसमुखच्या दुकानातली गुजराती गिऱ्हाइकं गालात हसायची. त्यांच्यातही लग्नात वाजायला लागलं तेव्हा तीही हसायची थांबली.

१८ जानेवारी, रविवार

जयू घरी आली. एकटी. आईने दिलेली वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन. वयाने पंचवीसेक, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या.

"काका म्हणू ना?"

"विलीभाई म्हण, सगळे म्हणतात."

"नको, काकाच. आमचे बाबा तुमच्याएवढे."

मी तापलेलाच होतो. म्हटलं, गाणं उचललंस, विचारलं नाहीस. तिने मान खाली घातली. "चुकलं. विचारलं असतं तर तुम्ही नको बोलले असते." खरं बोलते हाही एक ताप.

मग तिने तिचं सांगितलं. लहानपणापासून तिलाही ते नवरदेवाचंच गाणं वाटायचं, मामाच्या लग्नात नाचलीये त्यावर. "मग कंपनीत लागले. एक दिवस लाइन बंद पडली, आम्ही पोरी बसलेलो. सुपरवायझर ओरडला, साव नवरा बेठा छो? माझ्या डोक्यात तुमचं गाणंच सुरू झालं. घरी येऊन कॅसेट ऐकली. काका, रडले मी."

सु. आतून चहा घेऊन आली ती तिथेच उभी राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात तिला हे माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती आणि मी शेंगांकडे.

जाताना जयू म्हणाली, "तिसरं कडवं द्याल?"

"दोनच आहेत."

"दुसऱ्यानंतर गिटार आहे ना, ती मी मोजली. बरोबर एका कडव्याएवढी, एक मात्रा कमी नाय, जास्त नाय. तिथं शब्द होते, काका."

"नव्हते. आणि माझं गाणं यापुढे गाऊ नका."

ती उठली. मग म्हणाली, "बरं." चपला घालून गेली. भांडली असती तर सोपं होतं.

१९ जानेवारी, सोमवार

सु.: "होते का हो शब्द?"

मी: "भाजी कसली आहे?"

सु.: "वालाच्या शेंगा. तिनेच आणल्यात."

२४ जानेवारी, शनिवार

धाकट्या डहाणूला हळद. जिथून सुरुवात झाली तिथेच, खाडीकडचा मांडव. 'नवरो' सुरू केलं आणि एक तरणा पोरगा ओरडला, "विलीभाय, जयूसारका गा ना!" बाकीचे हसले.

चिडून ट्रॅक बंद केला, गिटारवर लय खाली घेतली. म्हटलं, बघाच. दोन ओळी गायलो असेन. आवाज बसक्या सुरात नीट लागत होता. वय झालेल्या गळ्याला तीच लय सोसते, हे मला साठीनंतर एका पोरीकडून कळावं. पण समोर हळदीने माखलेला नवरदेव बसलेला, त्याचा चेहरा उतरला. त्याची आई म्हणाली, "काय झाला, विलीभाय? बरा नाय का?"

पुन्हा ट्रॅक लावला, जलद. नाचले सगळे. दुसऱ्या कडव्यानंतर गिटारची जागा आली आणि बोटं थांबली. ट्रॅक पुढे गेला.

जाकीट मांडवातच विसरलो. त्यांनी रिक्षावाल्याकडे पाठवून दिलं.

२५ जानेवारी, रविवार

हसमुखच्या दुकानात. बापाचं किराणा गेलं, आता हार्डवेअर. एका कानाने ऐकू येत नाही त्याला, इतकी वर्षं माझ्या शेजारी ढोल बडवून. महोत्सवाला आला होता. त्याला विचारलं, पोरीचं कसं वाटलं. त्याने चांगला कान पुढे केला, तरी दोनदा विचारावं लागलं.

"बराबर गायली. आपण पण आधी असंच वाजवायचो ने? धीमू. तूच पछी फास्ट केलं."

"लग्नात चालत नव्हतं धीमं."

"हं. अने तिसरं? बापावाळं?"

त्याला आठवतंय. मला वाटलं होतं, मी सोडून कुणालाच नाही. म्हणाला, ओळी विसरलो, पण तू गायलास त्या दिवशी तुझे पप्पा मागे उभे होते ते आठवतं. मी खिळे बघत बसलो. त्याने एका गिऱ्हाइकाला बिजागऱ्या दिल्या आणि विषय पुन्हा काढला नाही.

३१ जानेवारी, शनिवार

चेकपोस्टचा आगरला कार्यक्रम झाला. मी गेलो नव्हतो. सु. शेजारणीबरोबर गेली, मला न विचारता. येऊन म्हणाली, "नवरो नाही गायली ती. लोक ओरडत होते, तरी नाही. परवानगी नाही, म्हणाली."

जिंकलो असेन. काही वाटत नाही. दमलोय.

३ फेब्रुवारी, मंगळवार

जयूचा मेसेज. 'काका नमस्कार. रविवारी आमच्या तलासरीत कार्यक्रम आहे, पाच वाजता, शाळेच्या ग्राउंडवर. नवरो आम्ही गाणार नाही, नुसतं वाजवू, ते चालेल का? पहिली दोन कडवी लोक गातील. तिसऱ्याची जागा रिकामी सोडू. तुम्ही यायलाच पाहिजे असं नाही.'

पाच-सहा वेळा वाचला. चालेल, एवढंच पाठवलं.

आता लिहूनच टाकतो. परत लिहिणार नाही.

बाबा रेल्वेत पॉइंट्समन. मी बेकार होतो ती दोन वर्षं, रोज सकाळी मी शर्ट घालायला लागलो की विचारायचे, "कुठं चाललास?" चिडवायचे नाहीत. खरंच विचारायचे. कुठे मुलाखत असली तर खिशात काही सरकवायचे, नसली तर "बरं" म्हणायचे. गाण्यात मी उलटं लिहिलं. गाण्याला ते बरं दिसत होतं.

बाबा जेवून घेतात आधी, झाकून ठेवतात ताट,
कुठं चाललास विचारत नाहीत, धरतात कामाची वाट.

गणपतीत कॉलनीच्या मांडवात पहिल्यांदा गायलो. तिन्ही कडवी. टाळ्या पडल्या. बाबा मागे, ड्यूटीच्या कपड्यांत, कंदील खाली ठेवून उभे. मी बघितलं त्यांना, आणि बघूनही गायलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शर्ट घातला. ते ताटावर बसले होते. विचारलं नाही. त्यानंतर कधीच विचारलं नाही. आठवडाभरात यार्डात ड्यूटीवरच कोसळले. हार्ट. त्यांच्या जागी मला लावून घेतलं.

मग कसला नवरो. कॅसेट केली तेव्हा मी नोकरदार होतो. तिसऱ्याच्या जागी गिटार वाजवली. सगळ्यांना सांगितलं, लांबतंय गाणं. लोकांनी त्याचं लग्न लावलं आणि मी लावू दिलं, कारण त्या अर्थात बाबा कुठेच नव्हते.

खोटं लिहिलं आणि ते खरं झालं. हे कुणाला सांगायचं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पाड्यावरच्या पोरीचे बाबा माझ्याएवढे. रोजावर जातात, सु.ला सांगितलं होतं तिने. ते तिला विचारत असतील का, कुठं चाललीस. पहाटेच्या बसला जाते म्हणे. विचारत असावेत.

कागदावर तिसऱ्या कडव्याच्या दोन ओळी उतरवल्या. त्या पोस्टाने पाठवाव्यात, की फोनवर सांगाव्यात. 'विचारत नाहीत' खोडून 'विचारतात' केलं. मीटर बसत नाही. पुन्हा खोडलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

गिटारची पहिली तार गंजली होती, बदलली. बाकी काही ठरलेलं नाही. गेलो तर लोक म्हणणार, म्हातारा पोरांच्या मागून आला. नाही गेलो तर काहीच म्हणणार नाहीत. दुसरं जास्त लागतं.

सु. म्हणाली, "जाकिटाला पॉलिश करू?"

म्हटलं, नको.

८ फेब्रुवारी, रविवार

जेवलो लवकर. सु.चं ताट मांडून दिलं, झाकलं नाही.

पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली, स्वतः. भांग पाडला. जाकीट खुंटीला. कागद वरच्या खिशात, खोडाखोडीसकट. तलासरीची एसटी साडेतीनला, आता तीन वाजून गेलेत. गिटार दाराशी टेकवून ठेवली आहे.

सु.ने आतून विचारलं, "कुठं चाललात?"

उत्तर द्यायचं सोडून हे लिहायला बसलोय. तिने पुन्हा विचारलं.